कोस्टा रिकातले आठ दिवस आणि आमचा सामाईक डोंगर



जानेवारीच्या शेवटी आठ दिवस कोस्टा रिकाला जाऊन आलो. आम्ही बावीस जण होतो, सगळे शेतकरी. कोणी केळीवाले, कोणी डाळिंबवाले, कोकणातले आम्ही तिघं. पैसे स्वतःचेच घातले होते. फोटो टाकल्यावर बऱ्याच जणांनी दोनच प्रश्न विचारले. खर्च किती आला? आणि कुठलं रोप आणलंस?

रोप आणलेलं नाही. असं रोप, माती, खोड बॅगेत लपवून आणणं हा गुन्हा तर आहेच, पण आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेण्यासारखंही आहे. तिकडच्या केळीच्या बागेत शिरताना आम्हाला औषधाच्या पाण्यात बूट बुडवायला लावले. पनामा रोगाची नवी जात २०१९ मध्ये जवळच्या कोलंबियात सापडली, तेव्हापासून ते लोक धास्तावलेत. एका बुटाला लागलेल्या मातीनं बाग बसू शकते हे ते जाणतात. आपण मात्र एका शेतातले कंद दुसऱ्या शेतात बिनधास्त नेतो.

असो. आज लिहायचं आहे ते वेगळंच. जाण्याआधी घरात एक विषय अर्धवट राहिला होता आणि आठ दिवस तोच डोक्यात होता. आमच्या घरामागं नऊ एकर वरकस डोंगर आहे, सामाईक. सातबाऱ्यावर सहा हिस्सेदार. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, थोडे रतांबे. खालच्या अंगाला दोन एकरांत जुने काजू. वर एक झर आहे, तिचा व्हाळ होतो आणि त्या व्हाळावर खालची चार कुळागरं जगतात. त्यातलं एक माझं. दिवाळीनंतर एक पार्टी आली. अननस लावतो म्हणाली. दहा वर्षांचा करार, एकरी वर्षाला १२ हजार. झाडं तोडायचं काय, असं विचारलं तर म्हणे, "तोडीचं आमचं आम्ही बघतो." आपल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशानं वृक्षतोडीला बंदी आहे. तरी आजूबाजूचे किती डोंगर बोडके होऊन त्यावर रबर आणि अननस आला, हे मी सांगायला नको.

निघायच्या आदल्या दिवशी मुंबईच्या धाकट्या चुलत भावाचा फोन आला. "दादा, तू फिरान ये, मगे सांग. डोंगर देवचो की नाय?"

तर मी डोक्यात हा डोंगर घेऊनच विमानात बसलो.

माती बघितली, मग कळलं की नुसती माती नाही

देश छोटा आहे. क्षेत्रफळ ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या भागाएवढा. लोकसंख्या पन्नास लाखांच्या वर. मधोमध ज्वालामुखींची रांग, एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र. पहिल्याच दिवशी कार्टागोच्या वर इराझूच्या उतारावर गेलो. उंची ३४३२ मीटर. हा ज्वालामुखी १९६३ ते १९६५ धुमसत होता, राजधानी सान होसेवर राख पडत होती. आज त्याच उतारावर बटाटा, कांदा, गाजर. काळी माती हातात घेतली तर वजनच लागेना. भुसभुशीत, ओलसर, रवाळ.

आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, "अशी माती असती तर आपणपण करून दाखवलं असतं." बसमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या.

मला हे पटलं नाही. एक तर आपला महाराष्ट्रही लाव्हाचाच. दख्खनचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे, कापसाची काळी माती त्यातूनच झाली. त्यांची राख ताजी आहे, आपला दगड म्हातारा झालाय, फरक इतकाच. दुसरं म्हणजे राखेची माती म्हणजे फुकटची खाण नव्हे. ती स्फुरद घट्ट धरून ठेवते, पिकाला सुटू देत नाही. आपली जांभ्याची लाल मातीही तेच करते, लोह आणि ॲल्युमिनियममुळं. म्हणजे रोग एकच. उपायही एकच: स्फुरद सगळीकडं फेकायचं नाही, मुळाजवळ द्यायचं आणि सेंद्रिय खत घालत राहायचं. खाली कॅरिबियनच्या सपाटीवर उतरलो तर माती लाल, आम्लधर्मी, पाऊस आपल्यासारखाच धो धो, फक्त जवळजवळ बारा महिने. तिथं उभं राहिल्यावर मला परदेशात असल्यासारखं वाटेना.

त्यात कुंपणं बघितली आणि हसूच आलं. मैलोन् मैल गिरिपुष्पाची जिवंत कुंपणं! खांब म्हणून फांदी रोवायची, ती फुटते, वरून छाटून गुरांना घालायची. आपण भातात हिरवळीचं खत म्हणून घालतो ते झाड मूळचं याच मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडं त्याला उंदीरमारी म्हणतात आणि तिकडच्या स्पॅनिश भाषेतही एक नाव 'माता रातोन', म्हणजे उंदीरमारच. तुरियाल्बाकडं कॉफीत सावलीला पांगाऱ्याच्या भावकीतलं झाड होतं, वर्षातून दोनदा छाटून पाला तिथंच टाकतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागणार नाही. आपण ते सोडून दिलं, एवढंच.

गाईडनं दाखवलेला डोंगर

चौथ्या दिवशी आरेनाल. अगदी चित्रातल्यासारखा शंकू, पायथ्याला गरम पाण्याचे झरे, हॉटेलं, तारेवरून लोंबकळायचे खेळ. २९ जुलै १९६८ ला हा फुटला, ८७ माणसं गेली, गावं गाडली गेली. त्यानंतर २०१० पर्यंत कमीजास्त जागा होता. शेजारीच मोठा तलाव, त्यावर वीज होते आणि तेच पाणी पुढं ग्वानाकास्तेच्या कोरड्या भागात शेतीला जातं. डिसेंबर ते एप्रिल तिकडं आपल्यासारखाच कडक कोरडा काळ असतो.

गाईड अभिमानानं सांगत होता की देशाचा अर्ध्याहून जास्त भाग जंगल आहे. खरं आहे. पण ते काही आदिकाळापासून तसंच राहिलेलं नाही. गेल्या शतकाच्या मध्यापासून त्यांनी जंगल अक्षरशः झोडपलं. गुरांच्या कुरणासाठी स्वस्त कर्ज मिळायचं, मांस बाहेर जायचं. १९८० च्या दशकात जंगल जेमतेम चौथ्या हिश्शावर आलं होतं. मग ते परत आलं. कसं, हा माझा प्रश्न होता.

सगळ्यात मोठं उत्तर १९९६ चा वनकायदा, क्रमांक ७५७५. त्यात दोन गोष्टी एकाच कागदावर आहेत, हे नीट वाचा. एक: खासगी असलं तरी उभं जंगल तोडून तिथं दुसरा वापर करायला बंदी. दोन: जंगल राखणाऱ्या मालकाला मोबदला. कायद्यानं मानलंय की जंगल चार कामं करतं. कार्बन धरतं, पाणी राखतं, जीवजंतू जगवतं आणि देखावा देतं. ही कामं मालक करतो, म्हणून पैसे मालकाला. १९९७ पासून फोनाफिफो नावाचा सरकारी निधी करार करून पैसे देतो. पैसा येतो मुख्यतः पेट्रोल-डिझेलच्या करातल्या साडेतीन टक्क्यांतून, शिवाय पाणीवापराच्या आकारातून.

गेल्या दशकात राखीव जंगलाचा दर हेक्टरी वर्षाला साधारण ६५ डॉलरच्या आसपास होता. आपल्या हिशेबानं साडेपाच हजार रुपये. एकरी बावीसशे.

इथं मी बसमध्येच मोबाईलवर आकडेमोड केली. आमच्या नऊ एकरांना त्यांच्या दरानं २० हजार रुपये वर्षाला. अननसवाल्याचे १ लाख ८ हजार. पाचपट फरक! म्हणजे "तिकडं झाडाला पैसे मिळतात" एवढंच ऐकून जो खूश होईल तो फसेल. नुसत्या मोबदल्यानं त्यांचंही जंगल वाचलं नसतं. मांसाचे भाव पडले, कुरणाची कर्जं आटली, पर्यटक यायला लागले, तोडीला बंदी आली आणि त्यात हा मोबदला. सगळं मिळून झालं. मोबदल्याचा नेमका वाटा किती यावर तिकडचे अभ्यासकही वाद घालतात.

पण एक गोष्ट मला वादाच्या पलीकडची वाटते. तिथल्या मालकाला सरकारनं चोर ठरवलं नाही. "तुझ्या डोंगराचं पाणी आम्ही पितो" हे कायद्यात लिहून कबूल केलं. रक्कम छोटी, पण कबुली मोठी.

आपल्याकडं काय आहे? तोडायला बंदी, बस्स. तिलारीचं पाणी याच डोंगरांतून येतं. त्यातला मोठा वाटा गोव्याला जातो, कालव्याखाली बागायत होते, नळ चालतात. वरच्या मालकाला मिळतं काय? हत्ती. केळी, माड, सुपारी मोडून जातात आणि पंचनाम्याला हेलपाटे. अशा माणसाकडं कोणी १२ हजार एकरी घेऊन आला आणि तो भुलला, तर त्याला पर्यावरणाचं व्याख्यान द्यायचा अधिकार मला नाही. नुसती बंदी माणसाला रात्री करवत चालवायला शिकवते, आणि नुसता मोबदला अननसापुढं टिकत नाही. दोन्ही एकत्र लागतात. आपल्याकडं इकोसेन्सिटिव्हचा विषय निघाला की गावं बिथरतात ती याचमुळं. कागदावर 'करू नका'ची यादी असते, 'हे घ्या' काहीच नसतं.

गाईडनं न दाखवलेला डोंगर

अननसाचं सांगतो, कारण आपल्याकडं तोच विषय आहे.

ताजा अननस निर्यात करण्यात कोस्टा रिका जगात पहिला. एमडी-२ जात, हेक्टरी साठ-सत्तर हजार रोपं, गादीवाफे सुतात मारल्यासारखे सरळ. इथिलीन देऊन सगळ्या शेताला एकदम फुलं आणतात, म्हणजे काढणी ठरलेल्या आठवड्यात. पॅकिंग शेडमध्ये कामाची शिस्त बघून आमचे सगळे थक्क झाले. मीही झालो. खोटं कशाला बोलू.

पण आमच्याबरोबर एक स्थानिक कृषी पदवीधर होता, त्यानं नाश्त्याला गाल्यो पिंतो (म्हणजे आपला भात आणि काळ्या घेवड्याची उसळ) खाताना दुसरी बाजू सांगितली. सिकिरेस भागातल्या कायरो, मिलानो वगैरे वस्त्यांच्या पिण्याच्या पाण्यात अननसावरचं ब्रोमॅसिल हे तणनाशक उतरलं. २००७ पासून त्या लोकांना टँकरनं पाणी द्यावं लागलं. वर्षानुवर्षं! एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात टँकर. देशात ब्रोमॅसिलवर बंदी आली २०१७ मध्ये. तोवर दहा वर्षं गेली होती.

दुसरं म्हणजे माशी. पीक संपल्यावर अननसाचा जो ढीगभर ओला चोथा शेतात राहतो, त्यात गुरांना चावणारी, रक्त पिणारी माशी वाढते. शेजारच्या गोठ्यातली गुरं खाणं सोडतात, दूध आटतं. नुकसान शेजाऱ्याचं, नफा बागवाल्याचा.

आणि हे त्या देशात, जिथं लष्कर १९४८ मध्येच बंद केलं, कायद्याचा मान आहे, प्रयोगशाळा आहेत. आमच्या डोंगरावर दहा वर्षांच्या करारानं येणारा माणूस कुठलं तणनाशक किती मारतो, हे कोण तपासणार? करार संपल्यावर तो जाईल. व्हाळ आमचाच राहील.

म्हणून अभ्यासदौऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आठ दिवसांत गाईड जे दाखवतो ते त्यांच्या घराचं ओसरीवरचं दिवाण असतं. शेतकऱ्यानं मागच्या दारी जायला पाहिजे. शेड बघा, पण सांडपाणी कुठं जातं तेही विचारा. उत्पन्न विचारा, पण मजूर कोण आणि शेजारी काय म्हणतो हेही विचारा. आमच्या बावीस जणांत हे प्रश्न विचारणारे चार-पाच निघाले. बाकीच्यांनी ड्रिपच्या नळीचे आणि अंगावर घेतलेल्या पोपटाचे फोटो काढले. त्यांचा दोष नाही. दौरा आखणाऱ्यानं वेळच तेवढा ठेवला होता.

कॉफीचा हिशेब

एक गोष्ट मात्र बिनशर्त आवडली. शेवटच्या दोन दिवसांत नारान्होकडं कॉफी बघितली. तोडणी संपत आली होती. तोडणाऱ्यांना टोपलीच्या मापावर मजुरी मिळते, त्यातले पुष्कळ निकाराग्वाचे आणि पनामाच्या आदिवासी समाजातले. शेतकरी फळ मिलला घालतो, उचल घेतो. हंगाम संपल्यावर मिलनं कॉफी किती दरानं विकली ते उघड करावं लागतं. त्यातून प्रक्रियेचा मान्य खर्च वजा, मिलचा नफा ९ टक्क्यांपर्यंतच, निर्यातदाराचा त्याहून कमी, उरलेलं सगळं शेतकऱ्याला. प्रत्येक मिलचा अंतिम दर कॉफी संस्था जाहीर करते. हा कायदा १९६१ चा आहे.

ऊसवाल्यांना यातलं थोडं ओळखीचं वाटेल, एफआरपी आहे. पण आम्हा काजूवाल्यांचं काय? बी आम्ही पोत्यानं घालतो, दर समोरचा सांगतो. गर कितीला गेला ते आम्हाला कळत नाही, टरफलाच्या तेलाचं तर नावच नको. शेजारी गोव्यात निदान आधारभूत किंमत आहे. मला वाटतं, आमच्या भागात काजूला असा उघडा हिशेब मिळाला असता, तर डोंगर भाड्यानं द्यायचा विषयच निघाला नसता. माणूस डोंगर हौसेनं देत नाही. आहे त्या पिकात भागत नाही म्हणून देतो.

मग डोंगराचं काय

परत आलो त्या रविवारी सगळे जमले. मुंबईचा भाऊही आला. त्याची मुलगी बारावीला, पुढच्या शिक्षणाला पैसे लागणार. वर्षाला १८ हजार त्याच्या वाट्याला येणार होते, ते मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? त्याला व्हाळाचं पाणी मिळत नाही. मला मिळतं. हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. डोंगर सहा जणांचा, पाणी चार कुळागरांना, आणि त्याबद्दल कोणी कोणाला एक पैसा दिलेला नाही.

काकी ओसरीवर बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "अननसाचे पैशे येतले, पण व्हाळ आटलो तर माडांक पाणी खंयसून घालतलंस?"

मी माझं म्हणणं मांडलं ते असं.

वरचे सात एकर झाडं आहेत तशी राहू द्यायची. झरीच्या आजूबाजूला तर फांदीही मोडायची नाही. खालचे दोन एकर, जिथं काजू आधीच आहेत, ते आपणच नवे करायचे. म्हातारे काजू आहेत तिथं परवानगी घेऊन टप्प्याटप्प्यानं नवी कलमं लावायची आणि ओळींमध्ये उताराला आडवे चर काढून त्यात अननस. पुत्तूरच्या काजू संशोधन केंद्रानं ही पद्धत पूर्वीच सांगितलेली आहे. चरात पाणी मुरतं, माती धरते आणि काजू मोठा होईपर्यंत अननसाचं उत्पन्न मिळतं. अननस वाईट नाही. डोंगर सोलून लावलेला अननस वाईट. उत्पन्न सहा हिश्शांत, हिशेब सगळ्यांना उघडा. कॉफीवाल्यांसारखा.

आणि तिसरं. व्हाळाचं पाणी घेणाऱ्या चारही कुळागरांनी वर्षाला पाच-पाच हजार काढायचे. होतात २० हजार. योगायोग बघा, कोस्टा रिकाच्या दरानं नऊ एकरांना तेवढेच होत होते. माझा हिस्सा मी सोडतो, बाकी पाच हिस्सेदारांना चार-चार हजार. पाणीपट्टी समजा, राखणावळ समजा, काहीही नाव द्या.

सगळे गप्प झाले. खालच्या घरातला एक जण म्हणाला, "पाण्याक कोण पैशे दिता रे?" मी म्हटलं, आजवर दिले नाहीत म्हणूनच तर डोंगर विकायची पाळी आली.

अजून ठरलेलं नाही. मुंबईचा भाऊ विचार करतो म्हणाला. चार हजार आणि अठरा हजार यातला फरक त्याला कळतो, मलाही कळतो. दोन एकरांतून बाकीची भर निघेल असं मी म्हणतोय, पण पहिलं फळ यायला दीड वर्ष आहे आणि मधे हत्ती आहेत. तीन कुळागरवाल्यांपैकी दोघं तयार झालेत. पार्टीला आम्ही मार्चअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय.

कोस्टा रिकाला हे सरकारनं करून दिलं. आपलं सरकार कधी करील तेव्हा करील, मागणी लावून धरलीच पाहिजे: बंदी घालता ना, मग त्याच कागदावर मोबदला लिहा. तोवर एका व्हाळापुरतं, एका वाडीपुरतं आपण करून बघायला काय हरकत आहे? खालच्यानं वरच्याला थोडं द्यायचं. त्याला विमानाचं तिकीट लागत नाही.

तुमच्याकडं सामाईक डोंगर, देवराई, पाणथळ अशी कोणी मिळून राखली असेल आणि पैशाची वाटणी कशी केली ते सांगता येत असेल, तर जरूर लिहा. मला मार्चअखेरच्या आत हवं आहे.

काजू धरायला लागलाय. या वर्षी थंडी बरी होती. पुढची नोंद बागेतून.